बाहीला पुसलेलं

बिस्किटं खाल्ली, एवढंच झालं. भूल उतरल्यावर पोटात काहीतरी जावं म्हणून नर्सने चहा आणि बिस्किटं आणून ठेवली होती. मी उशीला टेकून ती खाल्ली. मग दातांच्या फटीतून हवा आत ओढली, च्चक् असा आवाज झाला, अंगठा ओठांच्या कडेने गोल फिरवला, नाकाशी नेला, हुंगला आणि शेजारी खुर्चीत बसलेल्या नवऱ्याच्या बाहीला पुसून टाकला. डाव्या बाहीला, कोपराच्या जरा वर. नवरा म्हणाला, "अगं, हे काय?" आणि हसला. मी मात्र मान वळवून दाराकडे बघितलं. मला वाटलं, बाबा आले. त्यांना जाऊन वर्षं झाली, पण तो आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. तशी हवा ओढणारा दुसरा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. दारात कुणीच नव्हतं. मग नवऱ्याच्या पांढऱ्या बाहीवरचा ओला तपकिरी डाग दिसला, माझा स्वतःचा अंगठा दिसला, आणि चहा, बिस्किटं, आत जे काही होतं नव्हतं ते सगळं उलटून बाहेर आलं.

नवऱ्याने भांडं धरलं. भुलीने होतं असं म्हणाला. मी त्याला म्हटलं, "तुझी बाही." तो म्हणाला, "त्यात काय, धुता येते." माझ्या आईनेही पहिल्या वेळी हेच म्हटलं असणार. नव्या संसारात माणसं त्यात काय, त्यात काय म्हणत जातात आणि म्हातारपणी त्या ढिगावर बसून राहतात. तो भांडं धुवायला गेला. मी हात चादरीखाली घेतला आणि अंगठा मुठीत दाबून धरला, जसा काही तो सुटून पुन्हा कुठेतरी जाणार होता. किळस मला नेहमी दुसऱ्याची यायची. स्वतःच्या अंगाची अशी किळस येईल, ती कुठे ठेवायची हे कळणार नाही, असं कधी वाटलं नव्हतं.

ही खोली मला पाठ आहे. मूल होत नाही अशा जोडप्यांचं हे हॉस्पिटल, आणि माझं काम या भिंतीपलीकडच्या लॅबमधलं. बायकांच्या पोटातून काढलेली बीजं शोधायची, स्वच्छ करायची, गोठवायची. आज सकाळी माझी स्वतःची काढली. आमच्याकडे नियम आहे की प्रत्येक बशीवरचं नाव दोघांनी मोठ्याने वाचायचं, म्हणजे कुणाचं कुणात जाणार नाही, आणि दुसरा नियम असा की आपली बशी आपण बघायची नाही. म्हणून मी इथे पडले होते आणि भिंतीपलीकडे माझं नाव दोन आवाजांत वाचलं जात होतं. आमच्या डॉक्टरबाईंनी आधीच समजावलं होतं: तुझं वय झालंय, तुझी बीजं थोडीच निघतील, ती घ्यायची की टाकीत गोठवलेली एका तरुण मुलीची वितळवायची ते तू ठरव, दोन्ही एकदम करत नाही आपण, दुपार टळायच्या आत सांग, कारण बीज थांबत नाही. मी म्हटलं होतं, त्यात ठरवायचं काय, माझीच घ्या. हे बिस्किटाच्या आधीचं.

बाप पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मुकादम होता. वाईट माणूस नव्हता असं सगळे म्हणतात, आणि सगळे म्हणतात म्हणजे खरंच असेल. दारू नाही, बाई नाही, हात उचलणं नाही. उचलला असता तर निदान चारचौघांत सांगता आलं असतं. तो फक्त पुसायचा. जेवण झालं की च्चक्, अंगठा, नाक, आणि आई ताट उचलायला वाकली की तिच्या डाव्या बाहीला. समोर फडका असायचा, त्याला हात लावायचा नाही. पुसताना तो तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. कारखान्यातल्या कुणाची तरी अक्कल काढणं चालू असायचं आणि हात आपला आपण जायचा, दाराच्या कडीकडे जावा तसा. आईचा हात ताटावर थांबायचा, एक श्वासभर, आणि मग ती ताट उचलायची. तो थांबलेला श्वास बघत मी लहानाची मोठी झाले. धुणं करताना ती त्या बाहीला आधी वेगळा साबण लावून दगडावर घासायची. तिच्या सगळ्या कपड्यांच्या डाव्या बाह्या उजव्यांपेक्षा फिक्या होत्या. कधी फारच चिडली तर घासता घासता पुटपुटायची, "परक्याची पोर आणली घरात, फडका मिळाला फुकट." एकदा मी विचारलं होतं, "तू त्यांना सांगत का नाहीस?" ती म्हणाली, "सांगून झालं. त्यांना कळतच नाही गं, आपण काय करतोय ते." मी तेव्हाच मनात म्हटलं, थापा. न कळता कुणी हुंगत नाही.

आणि कामातली म्हणाल तर कुठलीच घाण मला घाण वाटत नाही. बाईच्या पोटातून सुईने ओढलेलं पाणी कोमट नळीत भरून खिडकीतून आत येतं, लालसर, कधी गढूळ. ते बशीत ओतायचं आणि भिंगाखाली त्यात शेंबडाच्या गोळीसारखं काहीतरी शोधायचं. त्या गोळीच्या आत बीज असतं. भोवतीची बुळबुळ सुटी करायला ते बारीक नळीत आत ओढायचं, बाहेर सोडायचं, पुन्हा ओढायचं. तरुणपणी माझ्या मैत्रिणी ऐकताना नाक मुरडायच्या आणि मी समोर बसून जेवत असायचे. पेशीला वास नसतो, सवयी नसतात, ती कुणाच्या अंगाला काही पुसत नाही, असं मी त्यांना सांगायचे. किती शहाणी होते मी! सवयी जातात कुठून? त्याच दारातून तर येतात. आज त्या बशीत माझा बाप होता आणि सुईवाला त्याला नळीत आत ओढत होता, बाहेर सोडत होता.

सुईवाला म्हणजे आमच्या लॅबमधला माझा जोडीदार. बीजात शुक्राणू टोचायची सुई त्याच्या हातात असते, म्हणून हे नाव. तो कामावर नवा आला तेव्हा अर्धगुणसूत्री विभाजन मीच त्याला उजळणी करून शिकवलं होतं, फळ्यावर दोन रंगांचे खडू घेऊन. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या पोटातली बीजं घडायला लागतात. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या, जोडीतलं एक आईकडचं, एक बापाकडचं. एरवी ती दोघं आपापली राहतात, एका घरात तोंडं फिरवून राहणाऱ्या नवराबायकोसारखी. पण बीज घडवायचं झालं की ती जवळ येतात, डोक्यापासून पायापर्यंत एकमेकांना बिलगतात, जागोजाग तुटतात आणि तुकडे बदलून पुन्हा सांधली जातात. तिचा तुकडा त्याला, त्याचा तिला. आणि मुलींच्या बाबतीत सगळं तिथेच थांबतं, तसंच बिलगलेलं, वर्षानुवर्षं. शिकवताना मला त्यात काहीच वाटलं नव्हतं, उलट खडू छान गिरवले होते. आज पडल्या पडल्या ते उलगडलं. ज्या दोघांना मी कधी शेजारी बसून चहा पितानाही पाहिलं नाही, ते माझ्या पोटात जन्माआधीपासून एकमेकांना कवटाळून पडलेले. मी शाळेत जात होते, परीक्षा देत होते, बापाला शेवटचं पोचवून परत आले, स्वयंपाकघरात उभी राहून पाणी प्यायले, आणि आत ती मिठी तशीच. आईला कुणी विचारलं होतं का? बीज पिकवायच्या परवाच्या इंजेक्शनने ती सुटली. सुटताना कोण कुणाचं काय घेऊन गेलं ते देवालाही सांगता यायचं नाही.

नवरा भांडं धुऊन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. अंगठा, हुंगणं, आईची बाही. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यातला दोष काढत असतो, त्यामुळे कुठलाही दोष काढता येतो अशी त्याची समजूत आहे. "बाबांचं ते?" तो म्हणाला. "माझ्याही बाहीला पुसलं होतं एकदा. मला तर आवडायचे ते." मी तोंड भिंतीकडे फिरवलं, तसा तो म्हणाला, "अगं, तूच सांगतेस ना, दर बीज वेगळं. किती तऱ्हा होतात म्हणाली होतीस?" जोडीतलं कोण कुठल्या बाजूला जाईल ते चिठ्ठी टाकल्यासारखं असतं, आणि तेवीस जोड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या तर चौऱ्यांशी लाखांच्या आसपास तऱ्हा होतात, हे मीच त्याला लग्नाआधी सांगितलं होतं, त्याच्यावर छाप पाडायला. "आणि ती तुकड्यांची अदलाबदल धरली तर मोजदादच नाही," मी म्हटलं. "मग झालं तर! चौऱ्यांशीचा फेरा तुझ्या पोटातच आहे. एवढ्यात एखादं तरी बाबांच्या अंगठ्याशिवायचं निघेलच की." तो असा बोलतो तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटते आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटते. निघेलही. पण निघालं तरी ते ओळखणार कोण? भिंगाखाली सगळी गोल आणि सारखीच दिसतात, बाप कुठेही उमटत नाही.

तेवढ्यात त्याला बोलावणं आलं, नमुना द्यायला. जिन्याखालची ती खोली, प्लास्टिकची खुर्ची, पुसून पुसून चिकट झालेला टीव्हीचा रिमोट, बाहेरून ऐकू येणारी नळाची धार. तो डबी घेऊन शाळकरी मुलासारखा लाजत निघाला. पुरुषांचं सगळं सोपं. त्यांचा कारखाना वयात आल्यावर सुरू होतो आणि पुढे थांबतच नाही. एका पेशीच्या चार होतात, चारांनाही शेपट्या फुटतात, चारही बाहेर पडतात, वाया कुणी जात नाही. आमच्यात चारातली एकच राहते, सगळा साठा एकटीच्या ओटीत घेऊन, आणि बाकीच्या तिघी, अर्ध्या अर्ध्या आयाच त्या, काठाला ढकलून सुकवायच्या. इथेही तोच न्याय. तो गेल्यावर खुर्चीवर त्याचं ते पांढरं जाकीट राहिलं होतं. मी त्याच्या बाहीकडे बघायचं टाळलं.

मग मला ती मुलगी आठवली, टाकीतल्या बीजांची. तिचं नाव मला ठाऊक असायला नको, आणि मी ते विसरलेही आहे. पण ती याच पलंगावर होती. भूल उतरल्यावर तिने पिशवीतून संत्रं काढलं आणि इतक्या सावकाश सोललं की साल एका तुकड्यात निघाली. फोड तोंडात टाकताना आवाज नाही, बी हळूच रुमालात. मग रुमालाच्या दुसऱ्या कोपऱ्याने बोटं एकेक करून पुसली आणि तो घडी करून ठेवला. जाताना मला म्हणाली, "माझं जे काढलं ते मला बघायला मिळेल का हो?" मी म्हटलं, "नाही, तसं बघू देत नाहीत." ती बरं म्हणाली आणि गेली. त्या घडी घातलेल्या रुमालाची मला आता भूक लागावी तशी ओढ लागली. तिच्या घरी कुणी कुणाच्या बाहीला काही पुसत नसणार. तिची आई जेवणं झाल्यावर सावकाश ताट उचलत असणार, मध्ये न थांबता. तसं एखादं स्वच्छ मूल माझ्या पोटात ठेवा आणि माझं सगळं, ती बशी, ती मिठी, तो बाप, मोरीत ओतून वर पाणी सोडा. माझं ठरत चाललं होतं.

सुईवाला आला तो फोन पुढे करतच. नियम मोडल्याचा त्याला कोण आनंद! "बघून घे, पुन्हा नाही दाखवणार." फोटोत माझं बीज होतं. आरपार दिसणारा जाड काठ, आत दाणेदार काहीतरी भरलेलं, आणि काठाला चिकटलेला एक छोटा फुगा. "पोलर बॉडी बघ कशी टाकलीय, फर्स्ट क्लास," तो म्हणाला, "आपल्या वयाला हे म्हणजे लॉटरी आहे." तो फुगा दिसला म्हणजे बीज तयार झालं असं आम्ही मानतो. जोड्या फुटल्या, अर्धी गुणसूत्रं ठेवली, अर्धी बाहेर फेकली. हजारो वेळा मी तो बघून बरोबरची खूण केली असेल आणि त्यात काय आहे याचा विचार केला नसेल. आता फोन नाकाजवळ नेऊन बघत होते. त्या फुग्यात आहे का अंगठा? फेकला का? की त्या फुग्यात आईचा थांबलेला श्वास फेकला आणि अंगठा आत गोल, गुबगुबीत होऊन बसला? तुकडे तर आधीच बदललेले. फेकलेल्यातही दोघं आणि ठेवलेल्यातही दोघं. आईला बाजूला काढून बापाला तेवढं टाकून द्यायची सोय कुठल्याच भिंगाखाली नाही. "सुंदर आहे ना?" सुईवाला म्हणाला. मला ते ओठावर जमलेल्या थुंकीच्या बुडबुड्यासारखं दिसलं. मी म्हटलं, "टाकीतली वितळवायला किती वेळ लागेल?" त्याचा चेहरा उतरला. "आत्ता? एवढी चांगली असताना?" मी फोन त्याच्या हातात परत ठेवला. तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं तयार होईपर्यंत विचार कर. मग मी येतो, तेव्हा मात्र एकच काय ते सांग."

तो बाहेर पडला आणि आई आत आली. तिला इतकंच ठाऊक होतं की पोरीचं काहीतरी छोटं ऑपरेशन आहे आणि त्यातून नातवंड व्हायचंय. तिने माझ्या कपाळाला हात लावला, उशी सारखी केली, नर्सने चादर खोचलेली होती ती काढून स्वतः पुन्हा खोचली. "जावई कुठेत?" मी म्हटलं, "खाली गेलाय, येईल." "चेहरा बघ कसा झालाय. खाल्लंस का काही?" "ओकले." "ओकणारच. माझ्या वेळी मी नऊ महिने ओकत होते. तू काही कमी छळलं नाहीस." ती नवऱ्याच्या खुर्चीत टेकली. बाप गेल्यापासून ती सुधारली आहे असं आम्ही सगळे म्हणतो. रंग उजळला, झोप लागते, हवं तेव्हा जेवते, नवे कपडे शिवून घेतले. या नव्या कपड्यांच्या दोन्ही बाह्या सारख्या गडद राहतील असं मी तेव्हा नवऱ्याला म्हणाले होते. तिच्याकडे बघून मला धीर आला. वाटलं, हिलाच विचारावं. "आई," मी म्हटलं, "समज, मूल मला झालं, पण ते आपल्या रक्ताचं नसलं, दुसऱ्या एका चांगल्या मुलीचं बीज घेतलं, तर चालेल तुला?" तिने बशीतल्या उरलेल्या बिस्किटांकडे बघितलं. "मला काय चालायचंय," ती म्हणाली, "पोर ज्या घरात वाढतं त्या घराचं होतं. पण आपलं असताना दुसऱ्याचं का?"

"बाबांचं काही नको मला त्याच्यात."

हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा बोलले. ती रागावेल किंवा रडेल, निदान हो म्हणेल, तुझं खरं आहे बाई म्हणेल, असं वाटलं. तिने एक बिस्किट उचललं. "अगं, गेले ते," ती म्हणाली, "आता कसला राग." आणि खाऊ लागली, पुढच्या दातांनी, बारीक बारीक, तोंडाखाली हात धरून, चुरा सांडू नये म्हणून. किती नीटनेटकं खाते ही, मी मनात म्हणत होते, माझ्यात हिचं काहीच कसं आलं नाही. बिस्किट संपलं. तिने दातांच्या फटीतून हवा आत ओढली. च्चक्. अंगठा ओठांच्या कडेने गोल फिरला, नाकाशी गेला, तिने तो हुंगला, आणि मग तो हात तिच्या छातीवरून आडवा गेला आणि तिच्या स्वतःच्याच डाव्या बाहीला, कोपराच्या जरा वर, पुसला गेला. बोलणं चालू होतं तिचं, शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी. बाहीवर, बरोबर त्याच जागी, नव्या कापडाचा रंग हाताच्या तळव्याएवढा उडाला होता.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"आत्ता. अंगठा."

तिने अंगठ्याकडे बघितलं, उलटसुलट करून. "काही लागलंय का?" तिच्या डोळ्यांत काहीही लपवलेलं नव्हतं. तिला ठाऊकच नव्हतं. तिच्यात बापाचा एक कणही नाही. तिची गुणसूत्रं तिच्या आईबापांची, तिच्या कुठल्याही पेशीत तो माणूस कधी शिरला नव्हता, मी हे फळ्यावर दोन खडूंनी सिद्ध करून दाखवलं असतं. त्याला फळा लागलाच नव्हता. रोज ताट उचलायला वाकायचं, एवढं पुरलं होतं. मला ओकारी आली पण पोटात काहीच उरलं नव्हतं, नुसतंच कडू पाणी घशाशी येऊन परत गेलं. आई घाईने उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली, तोच हात, आणि मी तो फिरवू दिला. मला ते टाकीतलं मूल दिसत होतं. संत्रं सोलणाऱ्या मुलीचं, स्वच्छ, लांब बोटांचं. ते आमच्या टेबलाशी बसलंय, एका बाजूला मी, एका बाजूला आई, समोर त्यात काय म्हणणारा त्याचा बाप, आणि सगळ्यांची जेवणं झाली आहेत.

सुईवाला दारातून डोकावला. हातमोजे घातलेले, दोन्ही हात वर धरलेले. "बोल. तुझी की टाकीतली?"

"माझीच घे," मी म्हटलं. "परक्याची पोर कशाला आणायची या घरात."

त्याला तो विनोद वाटला. हसत हसत तो आत गेला, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडे दोन आवाजांनी माझं नाव पुन्हा वाचलं. आईने विचारलं, "कुठली पोर गं?" मी म्हटलं, "कुणी नाही." तिने बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.